डिकीवरची विंग आणि तिच्याखालचा पत्रा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रेसिंग गाडीसारखी उंच विंग (वाऱ्याच्या जोराने गाडीची मागची बाजू खाली दाबणारा आडवा पंख) मागवून ती घरीच सेदानच्या डिकीवर बसवणाऱ्या हौशी मालकांसाठी हे पत्र. या सेटच्या डब्यात बहुतेक वेळा विंग, दोन पाय आणि पुडीभर पत्र्याचे स्क्रू एवढेच असते. डिकीचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो आणि असा स्क्रू त्यात एका आट्यावर टिकून राहतो. वाऱ्याने विंग थरथरू लागली की तो आटा झिजतो, भोक लंबगोल होते आणि ही विंग मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या अंगावर सुटू शकते.

आधी जोराचा हिशेब पाहू. विंग दीड मीटर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद आहे, तिची आखणी बरी आहे आणि तिला स्वच्छ वारा मिळतो आहे असे धरले, तर ताशी ६० किलोमीटरला ती जेमतेम ६ किलोचा दाब देते. १२० ला तो साधारण २५ किलो होतो आणि १६० ला ४५ च्या घरात जातो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मर्यादा १०० ची आहे आणि समृद्धीवर १२० ची. म्हणजे रस्त्यावर या विंगचा उपयोग नगण्य, ती ट्रॅकसाठीच. शिवाय ती मागच्या आसाच्याही मागे असते. त्यामुळे तरफेसारखे होऊन २.६५ मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या आसांमधल्या अंतराच्या) गाडीत १२० ला पुढची चाके सुमारे ८ किलोने हलकी होतात. आपल्याकडच्या व्हर्टस, स्लाव्हियासारख्या जोरकस सेदान पुढच्या चाकांवर चालतात आणि वेगात वळताना त्यांचे नाक तसेही बाहेर जाते. पुढे स्प्लिटर (बंपरखालची, पुढची चाके दाबणारी आडवी फळी) न लावता नुसती मागे विंग चढवली, तर हा दोष वाढतो.

विंग डिकीवरच बसवायची असेल तर सगळी मदार पत्र्याखालच्या आधारपट्टीवर असते. प्रत्येक पायाखाली, पत्र्याच्या आतल्या बाजूने, २ मिलिमीटर पोलादाची किंवा ३ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमची किमान १०० × ७५ मिलिमीटरची पट्टी हवी. तिचे कोपरे गोल करावेत, कारण टोकदार कोपऱ्यापासूनच पत्र्याला चीर जाते. डिकीला आत दुसरा पत्रा असतो आणि दोन्हींच्या मध्ये पोकळी असते. बोल्ट थेट दोन्हींतून घालून आवळला तर वरचा पत्रा दबून बशीसारखा खड्डा पडतो. आतल्या पत्र्याच्या खिडकीतून हात जात असेल तर पट्टी वरच्या पत्र्याला भिडवावी. हात जात नसेल तर पोकळीच्या मापाची अ‍ॅल्युमिनियमची नळी कापून बोल्टवर चढवावी. पाय शक्यतो डिकीच्या कडांजवळ, आतल्या फासळ्यांवर यावेत. मधला सपाट पत्रा डबा वाजतो तसा आतबाहेर होतो.

भोके पाडण्यापूर्वी आतले अस्तर काढून नंबरप्लेटच्या दिव्याची आणि रिव्हर्स कॅमेऱ्याची वायर कुठून गेली आहे ते पाहावे. वर मास्किंग टेपचे दोन थर द्यावेत, मध्यरेषा आखावी आणि पायांच्या खुणांमधले दोन्ही कर्ण मोजावेत. त्यांत २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर विंग तिरकी दिसणारच. पंच मारून आधी ३ चे आणि मग साडेसहाचे ड्रिल हळू चालवावे. यानंतरचे काम लोक हमखास टाळतात: भोकाची कड कानशीने साफ करणे, लोखंडाचा कीस व्हॅक्यूमने ओढून घेणे आणि उघड्या पत्र्याला झिंक प्रायमरचे दोन हात देणे. तसाच राहिलेला कीस पहिल्या पावसात रंगावर तांबडे ठिपके पाडतो आणि कोरड्या भोकातून गंज आतल्या शिवणीपर्यंत जातो. पायाखाली दीड मिलिमीटर रबर आणि पीयू सीलंट (पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा लेप) द्यावे. बोल्ट एम-६, ८.८ ग्रेडचे, प्रत्येक पायाला चार, आणि नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेले, सहज सैल न होणारे) नवे घ्यावेत, कारण एकदा उघडलेल्या नायलॉकची पकड कमी होते. ते टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) ९ ते १० न्यूटन-मीटरला आवळावेत. कोकणात स्टेनलेसचा बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमचा पाय खाऱ्या हवेत एकमेकांना भिडले की अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडते, म्हणून मध्ये नायलॉनचा वॉशर घालावा.

गाडी चालवण्यापूर्वी दोन्ही पायांच्या बरोबर वर, विंगवर, वाळूची २५-२५ किलोची पोती ठेवून पायांभोवतीचा रंग न्याहाळावा. पत्रा दबला किंवा रंगाला केसासारखी रेघ आली, तर पट्टी मोठी करावी लागेल. मग विंग पुढे-मागे हलवून पाहावी. वारा तिला मागे ओढतो, तेव्हा पायाचे पुढचे बोल्ट वर खेचले जातात आणि सैलही तेच आधी होतात. विंगचे ५-६ किलो वजन वाढल्याने डिकीचे झाकण उचलून धरणारे गॅस शॉकर कमी पडतात, ते वेळीच बदलावेत, नाहीतर झाकण डोक्यावर येते.

विंगचा कोन २-३ अंशांपासून सुरू करावा. मागच्या काचेवरून वारा खाली उतरत येत असल्याने विंगच्या मधल्या भागाला कोनमापकावर दिसतो त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त कोन मिळतो. ट्रॅकवर विंगच्या खालच्या पृष्ठभागावर १० सेंटिमीटरचे लोकरीचे धागे टेपने चिकटवून चित्रीकरण करावे. धागे सरळ राहिले तर ठीक. ते गुंतून उलटे वळू लागले तर वारा विंगच्या पृष्ठभागापासून सुटला आहे, कोन कमी करावा.

आधार कमी पडला तर काय होते, हे मोटारशर्यतींनी १९६९ मध्येच पाहिले आहे. बार्सिलोनाच्या मोंजुईक ट्रॅकवर ग्रॅहॅम हिल आणि योखेन रिंट या फॉर्म्युला वन चालकांच्या लोटस गाड्यांच्या उंच विंगा एकाच शर्यतीत, एकाच ठिकाणी मोडल्या आणि त्याच महिन्यात मोनॅकोत उंच विंगांवर बंदी आली. तिथे तर निष्णात अभियंते होते.

विक्रेत्यांना आग्रहाची विनंती आहे की डब्यात आधारपट्ट्या आणि योग्य बोल्ट द्यावेत आणि विंग किती भार सहन करते ते छापावे. मालकांनीही लक्षात ठेवावे की मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. चेन्नई किंवा कोइमतूरच्या ट्रॅकवर जाणाऱ्यांनी विंग सुटी न्यावी, तिथे बसवावी, बोल्ट आणि पाय यांवर मिळून रंगाची रेघ ओढावी, दर फेरीसत्रानंतर ती सरकली का ते पाहावे आणि परतताना विंग उतरवून भोकांत रबरी बूच घालावेत.

– एक मोटार फॅब्रिकेटर, भोसरी, पुणे