तुझ्या धर्मपुत्राविषयी

नागपूर

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम. माझी साखर आटोक्यात आहे, हिचेही बरे आहे. आज लिहिण्याचे कारण तुझा धर्मपुत्र, म्हणजे आमचा मुलगा, ज्याच्या बाप्तिस्म्याला तू धर्मपिता म्हणून उभा राहिलास. यंदाच्या दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्याचे वचन स्वतःच्या तोंडाने पक्के करण्याच्या, वर्गात त्याने नाव दिलेले नाही. पाळकसाहेबांकडे स्वतः जाऊन त्याने सांगितले की, बिशपसाहेबांसमोर जे शब्द उच्चारायचे ते आज मला मनापासून उच्चारता येत नाहीत, म्हणून मी थांबतो. घरी येऊन हेच त्याने आम्हा दोघांना सांगितले आणि तो जेवायला बसला.

धाकट्या भावाचा लगेच फोन आला. घराण्यात असे कधी झाले नाही, पोराला दम दे, असे त्याचे म्हणणे. दम दिल्याने पोरगा रविवारी बाकावर येऊन बसेल, पण प्रार्थना करील का, असे मी विचारले तेव्हा तो गप्प झाला.

दुसऱ्या कोणाला हे लिहिले असते तर त्याने दोन वचने पाठवून माझे सांत्वन केले असते. तुला लिहितो, कारण हिस्लॉप कॉलेजच्या आवारात तू याच विषयावर माझ्याशी कडाडून भांडला होतास. विश्वास म्हणजे सातबारा नव्हे, बापामागे आपोआप मुलाच्या नावावर चढायला, असे तू म्हणालास आणि मी ‘मी आणि माझे घराणे’ हे यहोशवाचे वचन तुझ्यावर फेकले. त्यानंतरचा आपला अबोला चर्चमधल्या हार्वेस्टच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या, लिलावात संपला. एकाच भोपळ्यावर आपण दोघे ईर्ष्येने बोली वाढवत राहिलो आणि शेवटी आईने मध्ये पडून तो निम्मा निम्मा कापून दिला.

परवा तो अध्याय पुन्हा वाचला. आपले घराणे परमेश्वराची सेवा करील असे म्हणण्याआधी यहोशवा लोकांना सांगतो की, तुम्ही कोणाची सेवा करणार ते आज निवडा. इतके स्पष्ट बोलणारा पुढारी लाभूनही ती पिढी गेल्यावर परमेश्वराला न ओळखणारी दुसरी पिढी उभी राहिली, असे शास्ते या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात लिहिले आहे. मला भीती वाटते ती याची. मुलाच्या प्रामाणिकपणाचा मला अभिमान आहे. परंतु हा प्रामाणिक नकार त्याच्या मुलांपर्यंत केवळ नकार म्हणूनच पोहोचला तर काय, या विचाराने झोप लागत नाही.

मग कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे आठवते. राजनांदगावच्या वाटेवर रेल्वेत एका अनोळखी गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर दुभंगले. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई पुढे स्वतःच्या पायांनी त्या श्रद्धेपर्यंत चालत आल्या, त्यासाठी वर्षे गेली, आणि म्हणूनच ती श्रद्धा त्यांची स्वतःची होती. तितका धीर मला धरता येईल का?

आईला तो धीर होता. तिचा जन्म अँग्लिकन घरातला, आमचे आजोबा, म्हणजे तिचे सासरे, स्कॉटिश मिशनच्या मंडळीतले. तिकडे बाप्तिस्म्याचे वचन आईबापच देत, धर्मपित्याची पद्धत नव्हती. 29 नोव्हेंबर 1970 रोजी आपल्या नागपुरातच सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, तरी आजोबा जुन्या रीतीलाच धरून राहिले. आईने त्यांच्याशी वाद घातला नाही; नातवाच्या वेळी मात्र तुला बाप्तिस्मापात्रापाशी उभे केलेच. प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाविषयी लिहिताना आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे घेतो, वडिलांचे घेत नाही. आमच्या घरीही तसेच होते. आई रात्री एकेकाचे नाव घेऊन प्रार्थना करी: कोणाची परीक्षा, कोणाची नोकरी, वहिनींचे बाळंतपण, तुझी दमा असलेली बहीण. मुले तिथेच पेंगत असत, पण आपले नाव देवापुढे घेतले जाते हे त्यांच्या कानांवर रोज पडत असे. ती गेल्यापासून घरात नावे घेणारे कोणी उरले नव्हते. आता रात्री साडेनऊला मी ते सुरू केले आहे: एक स्तोत्र, ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातले एक गीत आणि मग नावे. चिरंजीव बाहेर ओट्यावर बसतो. मात्र कानांत इअरफोन घालत नाही.

आजोबांच्या मोठ्या पवित्र शास्त्रातली ती कोरी पाने तुला ठाऊकच आहेत. जन्म, बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू, सगळे त्यांच्या निळ्या-काळ्या शाईत. पुढे आईचे गोल अक्षर. मुलाच्या नावासमोर तिने बाप्तिस्म्याची तारीख लिहिली आहे आणि शेजारी तुझे नाव. दृढीकरणाची जागा रिकामी आहे. ती मी भरणार नाही. ज्या दिवशी तो ठरवील त्या दिवशी त्यानेच आपल्या हाताने भरावी, अशी माझी इच्छा आहे.

तुझ्याकडे एक मागणे आहे. नाताळात सेवाग्राम एक्सप्रेसने ये आणि चार दिवस राहा. त्याला समजावण्यासाठी नको. त्याच्याबरोबर अंबाझरी तलावावर फेऱ्या मार आणि तुझ्या स्वतःच्या शंकांचे ते वर्ष, ज्याविषयी तू माझ्याखेरीज कोणाशी बोललेला नाहीस, ते त्याला सांग. बापाकडून त्याला ते ऐकता येणार नाही.

वहिनींच्या गुडघ्याचे काय ठरले? लेकीच्या बदलीचे कळले, आनंद झाला. त्या दोघींचीही नावे आता रोज घेतली जातात. तिकीट काढलेस की कळव, स्टेशनवर त्यालाच पाठवतो.

तुझा,
जुना भांडखोर मित्र