सशाला कोंबडीखाद्य घालू नका

मा. संपादक साहेब, नमस्कार.

परवा शेतीच्या पानावर ससेपालनाचा लेख वाचला. शेड, पिंजरा, मादी वर्षाला किती वेळा विते सगळं होतं, पण खाण्याबद्दल एकच ओळ, सकस खाद्य द्यावे. साहेब ह्या सकस शब्दापायीच माझी पिल्लं गेली म्हणून लिहितोय.

आमच्याकडे मोहोळ तालुक्यात न्यूझीलंड व्हाईट जातीच्या सशाच्या दहा माद्या आहेत. गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास पिल्लं महिन्याची झाली, आईपासून तोडली आणि एकाने सांगितलं म्हणून ब्रॉयलरचं खाद्य चालू केलं, लवकर वजन येतंय म्हणाला. आठ दिवस पिल्लं खरंच टम्म दिसली. मग एकेक पिल्लू कोपऱ्यात पाठ वाकवून बसायला लागलं, दात करकर वाजवायचं, हातात उचललं की पोटात पाणी डुचमळल्यासारखा आवाज आणि मागचा भाग सगळा ओला. सतरातली अकरा चार दिवसांत गेली. पोरगी शाळेतून आली की आधी पिंजऱ्याकडं पळायची, तिला काय सांगावं कळेना.

नंतर जनावरांच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. ससा रवंथ करत नाही, पण त्याच्या आतड्याला एक मोठी पिशवी असते, तिथं जंतू चारा आंबवतात. तोडलेल्या पिल्लाला मका, ज्वारीचं पीठ जास्त पचत नाही, न पचलेलं त्या पिशवीत जातं आणि वाईट जंतू माजतात. सशाच्या खाद्यात तंतू १४ ते १८ टक्के लागतात, प्रोटीन १६-१७ पुरतं. ब्रॉयलरच्या खाद्यात तंतू ५ टक्क्यांच्या आसपास, वरून कॉक्सी (कोंबड्यांचा हगवणीचा रोग) रोखायची औषधं, त्यातली काही तर सशाला विषारीच.

पहाटे टॉर्च लावून बघा, ससा मान खाली घालून स्वतःच्या मागून काहीतरी थेट तोंडात घेतो. त्या मऊ, चिकट, द्राक्षाच्या बारक्या घोसासारख्या लेंड्या असतात, त्यातून त्याला प्रोटीन आणि बी व्हिटॅमिन परत मिळतं. आम्हाला आधी वाटायचं आजारी आहे. खरं तर उलटं आहे, त्या मऊ लेंड्या जाळीखाली पडून राहिल्या तर पोटाचं बघायला पाहिजे.

आता मी मेथीघास आदल्या दिवशी कापून सुकवून घालतो, सोबत कडब्याची कुट्टी आणि मोजून भरडा, त्यात तूरचुणी, गव्हाचा कोंडा, करडईची पेंड. बुरशी लागलेली शेंगपेंड अजिबात नाही, ससा मरू शकतो त्याने. तोडल्यावर पहिले तीन आठवडे भरडा पोटभर द्यायचाच नाही, पिल्लं थोडी मागं राहतात पण पुढं वजन भरून काढतात. चारा जास्त खाल्लेल्या सशाची आतडी जड भरतात, त्यामुळं कटिंगला मटणाचा उतारा जरा कमी पडतो हे खरं, पण मेलेल्या पिल्लाचा उतारा किती ओ?

मटणाचं पण तसंच आहे. शेळीच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात जंतूंमुळं खाद्यातलं तेल बदलतं, सशाचं तसं होत नाही, जे तेल खाईल तेच चरबीत उतरतं. जवस घातला तर मटणात ओमेगा थ्री वाढतं, पण अति घातला तर चरबी मऊ पडून मटणाला लवकर वास लागतो. हिरवा चारा असला की त्यातलं ई व्हिटॅमिन हे जरा रोखतं. मटण मुळातच कमी चरबीचं, प्रोटीन २० टक्क्यांच्या वर, ते खाद्यानं का बिघडवायचं?

आणि आपल्या सोलापूरचा उन्हाळा. पारा ४२-४३ वर गेला की ससा दिवसा तोंड लावत नाही, त्याला घाम येत नाही, उष्णता कानातून बाहेर टाकतो. मी ओली बारदानं बांधतो, थंड पाणी ठेवतो आणि खाद्य संध्याकाळी सातनंतर घालतो, रात्री खातात.

ससेपालनाचं एक दिवसाचं ट्रेनिंग मी पण केलंय, त्यात खाद्यावर अर्धा तास पण बोलले नव्हते. म्हणून विनंती आहे, मार्च लागायच्या आत शेतीच्या पानावर तोडलेल्या पिल्लाला पहिल्या महिन्यात काय आणि किती घालायचं, एवढं तरी डॉक्टरांकडून लिहून घेऊन छापा. आमच्या भागात दोघा-तिघांनी नवीन पिंजरे आणलेत, त्यातल्या एकाच्या शेडमध्ये काल ब्रॉयलर खाद्याची गोणी दिसली.

आपला,
एक ससेपालक, ता. मोहोळ, जि. सोलापूर