बाबा, गोळ्या थांबवायच्या नाहीत

ती. आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

बाबा, वजन छान उतरतंय, शुगर ताब्यात आहे, मग या व्हिटॅमिन, लोह, कॅल्शियमच्या एवढ्या गोळ्या आता कशाला, असं तुम्ही फोनवर विचारलंत. आणि आई, हे चार घासांत पानावरून उठतात, यांच्या अंगी काय लागणार, ही तुझी काळजी. दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा, वजन उतरवण्यासाठी तुमच्या पोटाचं बायपास झालं आहे. जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची पिशवी करून तिला लहान आतड्याचा पुढचा भाग जोडला आहे. उरलेलं जठर आणि आतड्याचा पहिला तुकडा, ड्युओडेनम, पोटात जागच्या जागी आहेत, पण अन्न आता तिथून जात नाही. लोह आणि कॅल्शियम सगळ्यात चांगलं शोषलं जातं ते याच तुकड्यात. व्हिटॅमिन बी-१२ ची अडचण वेगळी आहे. अन्नातलं बी-१२ मोकळं व्हायला आम्ल लागतं आणि ते आतड्यातून रक्तात जायला जठरात तयार होणारं इन्ट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिन लागतं. तुमच्या अन्नाला ही दोन्ही आता पुरेशी मिळत नाहीत. म्हणून आई, तू घास वाढवलेस तरी ही तूट भरून निघणार नाही. या गोळ्या आयुष्यभराच्या आहेत.

बरं वाटतंय, ही इथली सर्वांत फसवी गोष्ट. बी-१२ चा साठा यकृतात असतो आणि तो काही वर्षंसुद्धा पुरू शकतो. गोळी बंद केली तरी लगेच काही जाणवत नाही. मग तळपायांना मुंग्या येतात, अंधारात चालताना तोल जातो, विसरायला होतं, आणि घरातले म्हणतात की वय झालं. नसांचं नुकसान फार दिवस राहिलं तर ते पूर्ण भरून येईलच असं नाही. तुमची मेटफॉर्मिन, म्हणजे शुगरची गोळी, चालू असेल तर तीही बी-१२ कमी करते. बायपासनंतर रोज तोंडाने ३५० ते १००० मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, असं सर्वसाधारण प्रमाण आहे. इथे आणि पुढेही, तुमच्या सर्जननी वेगळा डोस लिहून दिला असेल तर तोच घ्यायचा.

आता वेळा. सगळ्या गोळ्या एकदम गिळून मोकळं व्हायचं, हे चालणार नाही. कॅल्शियम आणि लोह एकमेकांच्या आड येतात, दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागतं, पण शरीर एका वेळी ५०० ते ६०० पेक्षा जास्त नीट घेऊ शकत नाही, म्हणून त्याचे तीन भाग करायचे. सकाळी न्याहारीनंतर लोह असलेली मल्टिव्हिटॅमिन, मग अकरा वाजता, चार वाजता आणि रात्री जेवणानंतर कॅल्शियम. लोहाची वेगळी गोळी दिली असेल तर ती झोपताना, पण रात्रीच्या कॅल्शियमनंतर दोन तास होऊ द्यायचे. मल्टिव्हिटॅमिनमधलं धरून दिवसाला ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह व्हायला हवं. लोहाच्या आगेमागे तासभर चहा-कॉफी नको. शौचाला काळसर होईल, त्याला घाबरू नका. पण डांबरासारखं चिकट, दुर्गंधीचं काळं झालं तर तो रक्तस्राव असू शकतो, लगेच दाखवा.

कॅल्शियम घेताना सायट्रेट आहे ना, हे पाहा. कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं आणि तुमच्या छोट्या पिशवीत ते फार थोडं आहे. पाकिटावरचा आकडाही नीट वाचायचा. 'कॅल्शियम सायट्रेट १००० मिलिग्रॅम' असं लिहिलेलं असलं तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम जेमतेम २१० मिलिग्रॅम असतं. 'एलिमेंटल कॅल्शियम' किती, ते शोधायचं. खूप जण इथेच चुकतात आणि वर्षभर निम्म्याहून कमी डोस घेत राहतात. सोबत व्हिटॅमिन डी-३ रोज ३००० आययू (पाकिटावर लिहिलेलं एकक), जेवणाबरोबर. रक्तातली डी ची पातळी ३० (ng/mL) च्या वर यायला हवी.

आई, आता तुझ्याकडचं काम. ताटात किती उरलं ते पाहू नकोस, प्रथिनं किती गेली ते मोज. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम हवीत. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर (२०० मिलिलिटर) दुधात साधारण ६ ते ७, शिजलेल्या १०० ग्रॅम मसुरात ९, शिजलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये ३० च्या आसपास. घास थोडेच जाणार, म्हणून आधी प्रथिनं, मग भाजी, आणि जागा उरली तर भात किंवा ब्रेड. प्रथिनं कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि बाबांच्या वयात गेलेला स्नायू परत आणणं कठीण असतं. एवढ्याने ६० ग्रॅम होत नसतील तर प्रोटीन पावडर घ्यायची, त्यात कमीपणा काही नाही.

जेवायला वीस ते तीस मिनिटं, प्रत्येक घास अगदी मऊ होईपर्यंत चावून. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. मधल्या वेळात घोट घोट करत दीड लिटर तरी पोटात गेलं पाहिजे. कोरडं चिकन, मऊ ताजा ब्रेड, गोळा झालेला भात हे पदार्थ हमखास अडकतात: छातीत दाटतं, तोंडाला फेसासारखी लाळ सुटते. त्या क्षणी थांबायचं. 'अजून एक घास घ्या' हे तुझं प्रेम मला कळतं, पण आई, तोच घास उलटीला कारण होतो.

उलटीला मी सगळ्यात जास्त घाबरते. थायमिन, म्हणजे बी-१, शरीरात दोन-तीन आठवड्यांपुरतंच साठतं. उलट्या दोन दिवसांवर गेल्या, किंवा खाणं जवळजवळ बंद झालं, तर डॉक्टरांना दाखवा. एकाचे दोन दिसू लागले, चाल अडखळली, बोलण्यात गोंधळ आला तर त्याच तासाला हॉस्पिटल. तिथे आधी सांगायचं की पोटाचं बायपास झालं आहे, आणि ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन द्या. थायमिन नसताना ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा वाढते. बाबा, ही ओळ कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

गोड खाल्ल्यावर अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात कळ आली तर ते डम्पिंग, म्हणजे गोड झपाट्याने आतड्यात उतरल्याचा त्रास. एक ते तीन तासांनी हातपाय थरथरले तर साखर उतरलेली असू शकते, लगेच मोजा. ग्लुकोज पाजून करतात ती शुगरची टेस्ट तुम्ही करायची नाही. गुडघा दुखला तर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या वेदनाशामकांनी पिशवी आणि आतडं जोडलंय तिथे अल्सर होऊ शकतो. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती मात्र आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

केस गळतायत म्हणालात. ऑपरेशननंतर तीन ते सहा महिन्यांत हे बऱ्याच जणांना होतं, प्रथिनं आणि लोह नीट असेल तर केस सहसा परत येतात. त्यासाठी कुणी सांगितलं म्हणून नुसतं झिंक सुरू करू नका. जास्त झिंकने तांबं कमी होतं, आणि तांब्याची कमतरता अगदी बी-१२ सारखी दिसते: रक्त कमी, पाय बधिर. दर ८ ते १५ मिलिग्रॅम झिंकमागे १ मिलिग्रॅम तांबं हवं. बायोटिनच्या (केसांसाठी घेतात त्या व्हिटॅमिनच्या) मोठ्या डोसच्या गोळ्यांनी रक्ताचे काही रिपोर्ट चुकीचे येतात. घेत असाल तर टेस्टच्या आधी लॅबला आणि डॉक्टरांना सांगा.

रक्ताची तपासणी तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्याला आणि मग दर वर्षी. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, फोलेट (फोलिक ॲसिड), डी, कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हॉर्मोन), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), आणि बायपास असल्यामुळे व्हिटॅमिन ए, झिंक, तांबंही. कॅल्शियमचा आकडा नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. पोटातून कमी मिळालं की शरीर ते हाडांतून काढून रक्तात ठेवतं. वाढलेला पीटीएच हे दाखवून देतो. फोलिक ॲसिडने हिमोग्लोबिन सुधारलेलं दिसलं तरी बी-१२ वेगळं तपासायचंच.

आता घेता त्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांची मागची बाजू आज फोटो काढून पाठवा. मी एलिमेंटल आकडे जुळवून वेळापत्रक मोठ्या अक्षरात लिहून देते, आई ते फ्रिजवर लावेल.

तुमची लेक