‘कोट्यधीशांचे गाव’ पुरे, आता निकाल समजावून सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमळनेरच्या तेलाच्या कारखान्यातून वाढलेल्या विप्रो या आयटी कंपनीचे पहिल्या तिमाहीचे निकाल 17 जुलै 2025 ला आहेत. निकाल जवळ आले की वर्तमानपत्रांत अमळनेरची एक ठरलेली बातमी येते. तेलाच्या कारखान्याचे शेअर घेणारे शेतकरी कसे करोडपती झाले, 100 शेअरचे आज किती झाले, गाव कसे ‘कोट्यधीशांचे’ आहे, वगैरे. बातमी खोटी नसते. पण या गावात ज्यांच्याकडे आज विप्रोचे शेअर आहेत, त्यांना 17 तारखेच्या आधी नेमके काय जाणून घ्यायचे असते, त्याबद्दल तीत एक ओळ नसते. ती ओळ तुम्ही छापावी, म्हणून हे पत्र.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. सासऱ्यांनी घेतलेले शेअर घरात होते, ते पुढे माझ्या नावावर आले. 2017 च्या बोनसआधी, म्हणजे कंपनीने फुकट जादा शेअर देण्याआधी, 100 होते. 2017 ला एकास एक, 2019 ला तीन शेअरमागे एक आणि डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा एकास एक असे बोनस धरून ते 532 झाले. जानेवारी 2025 मध्ये कंपनीने शेअरमागे 6 रुपये लाभांश दिला तेव्हा माझ्या खात्यात 3,192 रुपये आले. मला त्याचा आनंदच झाला, कारण त्याआधीच्या दोन्ही आर्थिक वर्षांत शेअरमागे एकेक रुपयाच मिळाला होता. पण ‘कोट्यधीशांच्या गावा’तले बहुसंख्य भागधारक माझ्यासारखेच आहेत. ज्यांनी 60-70 वर्षांत एकही शेअर विकला नाही ते श्रीमंत झाले, हे खरेच. पण बहुतेक घरांत कधी मुलीचे लग्न निघाले, कधी विहीर खोदायची होती, कधी दवाखाना लागला, आणि तेव्हा शेअर विकले गेले. उरलेल्यांवर आता म्हातारपणाची भिस्त आहे.

आमच्या गल्लीत नानांच्या ओट्यावर रोज संध्याकाळी चार माणसे बसतात. गेले काही दिवस तिथे दुसरा विषय नाही. बँकेतून निवृत्त झालेले आप्पा म्हणतात, देऊन टाका, आता यात राम नाही. नाना म्हणतात, ज्या कंपनीने गावाला उभे केले तिला पडत्या काळात सोडायचे का? शेठजींचे म्हणणे, टीव्हीवाले जो टार्गेट सांगतील त्याच्या आसपास निम्मे विकावेत. पुण्याला हिंजवडीत आयटीत असलेला माझा भाचा सुट्टीवर आला होता. तो म्हणाला, मामी, नवीन भरती थंडावली आहे, जे काम आधी दहा जण करायचे ते आता सहा जणांकडून करून घेतात आणि ग्राहक त्याचा फायदा स्वतःच्या बिलात मागतो. चौघांच्या बोलण्यात तथ्य आहे. मला खटकते ते एवढेच, की चौघांपैकी एकाच्याही हातात कंपनीने स्वतः जाहीर केलेला आकडा नव्हता.

तो आकडा कंपनीने 16 एप्रिललाच दिला आहे. विप्रो पुढच्या तिमाहीसाठी आयटी सेवांच्या उत्पन्नाचा अंदाज आधी सांगते, त्याला गायडन्स म्हणतात. एप्रिल ते जून या तिमाहीसाठी तो 250 कोटी 50 लाख ते 255 कोटी 70 लाख डॉलर असा होता. म्हणजे चलनातले चढउतार वगळले तर आधीच्या तिमाहीपेक्षा दीड ते साडेतीन टक्के घट. ही घट कंपनी स्वतःच सांगून बसली आहे. त्यामुळे 17 तारखेला टीव्हीवर ‘उत्पन्न घसरले’ अशी लाल पट्टी आली, तर त्या पट्टीने कोणी घाबरू नये. पाहायचे ते हे, की घट दीड टक्क्याच्या जवळ राहिली की साडेतीनच्या, आणि जुलै ते सप्टेंबरसाठी कंपनी आता काय अंदाज देते. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची. एवढे दोन वाक्यांत तुम्ही 17 एप्रिलच्या अंकात छापले असते, तर ओट्यावरची निम्मी भांडणे झाली नसती.

आता माझे स्वतःचे मत. नानांच्या मताविरुद्ध आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गावाचे कंपनीवर प्रेम आहे आणि असलेच पाहिजे. 29 डिसेंबर 1945 ला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी, म्हणजे आजची विप्रो, नोंदली गेली ती अमळनेरसाठी. खानदेशच्या भुईमुगाचे तेल काढायचे, त्याचे वनस्पती तूप करायचे, हा धंदा. पुढे 787 साबण आला. 1966 मध्ये संस्थापक मोहम्मद हाशम प्रेमजी गेले तेव्हा त्यांचे चिरंजीव अझीम प्रेमजी 21 वर्षांचे होते आणि अमेरिकेतले शिक्षण अर्धवट टाकून आले. त्यांनीच पुढे तेल-साबणाच्या कंपनीला संगणकाकडे नेले. ज्या भागधारकांनी तेव्हा शेअर धरून ठेवले त्यांनी नुसती निष्ठा दाखवली असे मला वाटत नाही. मालक कोण, माल काय, खप कुठे होतो, हे त्यांना दिसत होते. कारखाना गावात होता, मजूर ओळखीचे होते, भुईमुगाच्या गाड्या दारावरून जात होत्या. आज कंपनीचे मुख्यालय बेंगळुरूला सर्जापूर रस्त्यावर, ग्राहक अमेरिका आणि युरोपात. दारातून काही दिसत नाही. जे दारातून दिसत नाही ते कागदावरून वाचावे लागते, आणि वाचले की काही प्रश्न उभे राहतातच.

पहिला प्रश्न उत्पन्नाचा. 2022-23 मध्ये विप्रोचे उत्पन्न 90,488 कोटी रुपये होते, 2023-24 मध्ये 89,760 कोटी, 2024-25 मध्ये 89,088 कोटी. तीन वर्षे जागच्या जागी, किंबहुना पाऊलभर मागेच. धंद्यातच मंदी आहे म्हणावे, तर याच काळात एचसीएलटेक या दुसऱ्या आयटी कंपनीचे उत्पन्न 1,01,456 कोटींवरून 1,17,055 कोटींवर गेले. तेच अमेरिकी ग्राहक, तीच मंदी, तोच डॉलर. एकेकाळी विप्रो देशात तिसरी होती, ती जागा एचसीएलने घेतली. हे का झाले, याचे उत्तर भागधारकाला मिळाले पाहिजे. 2011 पासून कुरियन, आबिदअली नीमुचवाला, थिएरी डेलापोर्ट आणि आता श्रीनि पल्लिया असे चार मुख्याधिकारी झाले. डेलापोर्ट पॅरिसला राहून कंपनी चालवत. 2021 मध्ये कॅपको ही सल्लागार कंपनी 145 कोटी डॉलरला घेतली. एवढी उलथापालथ होऊन उत्पन्न तिथेच का, हा प्रश्न विचारणे म्हणजे कंपनीशी बेइमानी नव्हे. उलट सासऱ्यांच्या पिढीने हाच प्रश्न सभेत उभे राहून विचारला असता.

दुसरा प्रश्न नफ्याचा. उत्पन्न घटले तरी 2024-25 चा निव्वळ नफा जवळपास 19 टक्क्यांनी वाढून 13,135 कोटी झाला. आप्पा म्हणतात ही जादू आहे. जादू नाही. मार्च 2023 ला कंपनीत अडीच लाखांहून अधिक माणसे होती, मार्च 2025 ला सुमारे 2 लाख 33 हजार. खर्च आवरला, परिचालन नफ्याचे प्रमाण, म्हणजे धंद्याच्या उत्पन्नातून खर्च जाऊन उरणारा वाटा, 17 टक्क्यांच्या पुढे गेले. चांगले झाले, पण खर्च आवरून नफा किती वर्षे वाढणार? काटकसरीला तळ असतो. म्हणून मी नफ्याच्या ठळक आकड्याआधी उत्पन्नाची ओळ वाचते.

तिसरी गोष्ट मोठ्या कंत्राटांची, आणि यात सगळ्यांत जास्त फसगत होते. 2024-25 मध्ये विप्रोने 540 कोटी डॉलरची मोठी कंत्राटे मिळवली, आदल्या वर्षापेक्षा साडेसतरा टक्के जास्त. मार्च 2025 मध्ये ब्रिटनच्या फिनिक्स ग्रुपचे 50 कोटी पौंडांचे कंत्राट जाहीर झाले तेव्हा शेठजींनी ओट्यावर पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. पण ते कंत्राट 10 वर्षांचे आहे. वर्षाला 5 कोटी पौंड, तिमाहीला सव्वा कोटी. तिमाहीला 260 कोटी डॉलरच्या आसपास उत्पन्न असलेल्या कंपनीत सव्वा कोटी पौंड म्हणजे किती, हे पाचवीतली मुलगी त्रैराशिकाने सांगेल. शिवाय जुनी कंत्राटे संपतात, काही ग्राहक मुदत वाढवताना दर पाडून घेतात, आणि एप्रिल 2025 पासून अमेरिकेच्या आयात शुल्काच्या धसक्याने काहींनी कामेच पुढे ढकलली आहेत. म्हणून ‘इतक्या कोटींचे कंत्राट’ असा मथळा देताना ते किती वर्षांचे, हे शेजारी छापत जा. एवढी एक सवय लावली तरी मराठी वाचकावर उपकार होतील.

बोनसबद्दलही हेच. गेल्या डिसेंबरात गावात ‘शेअर दुप्पट झाले’ म्हणून आनंद होता. भाव त्याच दिवशी जवळपास निम्मा झाला, हे कितीतरी जणांनी नंतर पाहिले. ऑक्टोबर 2021 मध्ये भाव 700 च्या वर गेला होता. बोनसचा हिशेब धरला तर ते आजच्या शेअरमागे 350 हून अधिक होतात. जुलै 2025 मध्ये तो 260 च्या आसपास होता.

मग विकायचे का? मी माझे विकणार नाही. कारण जानेवारी 2025 मध्ये कंपनीने लाभांशाचे धोरण बदलले आहे. तीन वर्षांच्या टप्प्यात निव्वळ नफ्याच्या 70 टक्के किंवा त्याहून अधिक रक्कम भागधारकांना परत देऊ, असे सांगितले आहे. अझीम प्रेमजींनी 2019 पर्यंत कंपनीतल्या 67 टक्के मालकीचा आर्थिक लाभ समाजकार्याला देऊन टाकला. त्यातून खेड्यापाड्यांतल्या सरकारी शाळांसाठी काम चालते. शिक्षिका म्हणून मला त्याचे मोल आहे, हे मी लपवत नाही. पण माझा निर्णय माझ्या गरजेचा आहे. ज्यांना दोन वर्षांत घर बांधायचे आहे किंवा औषधपाण्याला पैसा लागणार आहे, त्यांनी गावाच्या नावाखातर सगळे एकाच शेअरमध्ये अडकवून ठेवू नये, असे मी नानांच्या तोंडावर सांगितले आहे आणि इथेही लिहिते.

आता ज्या गोष्टीची मला सर्वांत काळजी वाटते ती. आमच्या शेजारच्या आजींकडे अजून कागदी शेअर आहेत. ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली, पिवळे पडलेले. त्यांवर त्यांच्या दिवंगत पतीचे नाव, इंग्रजी स्पेलिंग आधारवरच्या नावाशी जुळत नाही, पत्ता जुन्या वाड्याचा. 1 एप्रिल 2019 पासून कागदी शेअरचे हस्तांतर बंद आहे, ते डीमॅट खात्यातच (शेअर संगणकावर ठेवायच्या खात्यात) करून घ्यावे लागतात. लाभांश सलग सात वर्षे घेतला नसेल तर शेअरच सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा होतात, आणि परत मिळवायला आयईपीएफ-5 हा अर्ज भरावा लागतो. आजींना यातले काही माहीत नव्हते. त्या रोज विचारायच्या, आज भाव काय? ज्या शेअरवर आधी स्वतःचे नावच चढलेले नाही, त्याचा भाव त्यांच्या काय कामाचा?

यासंबंधी एक ताजी बातमी आहे, ती मी अजून एकाही मराठी पानावर ठळक पाहिली नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 7 जुलै 2025 ते 6 जानेवारी 2026 अशी खास मुदत दिली आहे. ज्यांनी 1 एप्रिल 2019 आधी हस्तांतराची कागदपत्रे दिली होती आणि त्रुटी काढून ती परत आली होती, त्यांना ती या मुदतीत पुन्हा दाखल करता येतील. शेअर मात्र डीमॅट खात्यातच जमा होतील. अमळनेर, पारोळा, चोपडा, धरणगाव या भागात अशी परत आलेली पाकिटे कितीतरी कपाटांत पडून असतील. ही बातमी खानदेशच्या पानावर चौकटीत, तारखांसह छापा. एकदा छापून भागणार नाही. ऑगस्टात, दिवाळीच्या सुमारास आणि डिसेंबरात पुन्हा छापा.

आणि 18 तारखेच्या अंकासाठी एवढीच विनंती. भाव किती पडला किंवा चढला हे लोकांना मोबाइलवर कळलेलेच असेल. तुम्ही उत्पन्न, नफ्याचे प्रमाण, पुढच्या तिमाहीचा अंदाज, कंत्राटांची रक्कम व त्यांची मुदत, आणि लाभांश जाहीर झाला असल्यास त्याची पात्रता तारीख (त्या दिवशी शेअर नावावर असावे लागतात), असे मराठीत द्या. नाना चष्मा लावून ते ओट्यावर मोठ्याने वाचतील, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतले आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका व भागधारक,
अमळनेर, जि. जळगाव