सोर्सच्या बटणावर काळी टेप लावा

बेंगळुरू,
रविवार, रात्री साडेदहा

ती. आई-बाबांना
सा. नमस्कार.

मघाशी टीव्हीबद्दलचा फोन ठेवला तेव्हा बेचाळीस मिनिटं झाली होती. त्यातली निम्मी तरी "वरचं बटण" आणि "कुठलं वरचं?" यातच गेली. शेवटी बाबा, तुम्ही म्हणालात, "बोलून डोक्यात शिरत नाही, लिहून पाठव, मोठ्या अक्षरात." म्हणून हे. आणि आई, तू मागून जे पुटपुटलीस ना, "आता आम्हाला काही यायचं नाही, उगाच पैसे घातलेस," तेही मी ऐकलं. त्याचं उत्तर पुढे देते.

आधी आजचा रोग. टीव्ही बिघडलेला नाही. निळा पडदा आणि त्यावर 'नो सिग्नल' याचा अर्थ एवढाच, की टीव्ही भलत्या दाराशी उभा आहे. मागे तारा खुपसायच्या तीन जागा आहेत. आपला केबलचा डबा 'एचडीएमआय २' वर आहे. टीव्हीच्या रिमोटवर चौकोनात बाण घुसल्याचं चित्र असलेलं एक बटण आहे, तेच सोर्स. चुकून त्याला बोट लागलं की टीव्ही दुसऱ्या दाराशी जातो, आणि तिथे कुणीच राहत नाही. ते बटण दाबा, खालच्या बाणाने 'एचडीएमआय २' वर या, मधलं गोल बटण दाबा. चित्र आलं की बाबांनी पेटीतली काळी इन्सुलेशन टेप काढावी आणि नखाएवढा तुकडा त्या बटणावर चिकटवावा. इतकी वर्षं टेलिफोन खात्यात काढलीत, टेप घरात नसेल यावर माझा विश्वास नाही.

आता दोन रिमोट का, ते. बाबा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. जुन्या फोनच्या डायलवर पाच फिरवला की तारेवरून पाच झटके जायचे आणि एक्स्चेंज ते मोजायचं. रिमोटही तेच करतो, फक्त तारेऐवजी उजेडाने. पुढच्या टोकाला जो काचेसारखा मणी आहे तो दिवाच आहे, पण त्याचा उजेड तांबड्याच्याही पलीकडचा, आपल्याला न दिसणारा. तो बहुधा सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकतो, म्हणजे ट्यूबलाइटच्या किंवा उन्हाच्या उजेडातून टीव्हीला तो वेगळा ओळखता यावा. या लुकलुकण्याचेच लांब-आखूड तुकडे पाडून रिमोट आधी 'कुणासाठी' ते सांगतो आणि मग 'काय करायचं' ते. डब्याच्या रिमोटने टीव्ही बंद होत नाही तो यामुळेच: हाक त्याच्या नावाची नसते. खरं-खोटं पाहायचं असेल तर फोनचा सेल्फीचा कॅमेरा चालू करून रिमोटचं तोंड त्याच्याकडे धरा आणि चालू-बंदचं बटण दाबा. मणी जांभळट पांढरा चमकला तर सेल ठीक आहेत. नाही चमकला तर सेल बदला. झाकण उघडून अंगठ्याने गोल फिरवत बसू नका. (फिरवल्याने गंज घासला जातो म्हणून चार दिवस चालतं, हे मला माहीत आहे. तरी बदला.)

टीव्हीचा नवा रिमोट मात्र अर्धा वेगळा आहे. त्याची बरीचशी बटणं ब्लूटूथवर, म्हणजे रेडिओच्या लहरींवर चालतात. तो पाठीमागे धरा, गोधडीखाली धरा, चालेल. पण चालू-बंदचं आणि आवाजाचं बटण अजून उजेडावरच आहे, त्यामुळे आई ताट घेऊन मध्ये उभी राहिली की तेवढीच दोन बटणं काम करत नाहीत. तुम्ही म्हणत होतात, "कधी ऐकतो, कधी ऐकत नाही." तुमचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. मीच फोनवर "असं कसं होईल" म्हणत राहिले.

आता आईला उत्तर. अमेरिकेत झेनिथ नावाची टीव्हीची कंपनी होती. १९५० साली त्यांनी तारेचा रिमोट काढला, नावच 'लेझी बोन्स'. तार खोलीभर पसरायची आणि माणसं अडखळायची. मग १९५५ मध्ये युजीन पॉली यांनी विनातारेचा काढला. तो म्हणजे हातातली विजेरीच. पडद्याच्या चार कोपऱ्यांत चार डोळे, ज्या कोपऱ्यावर झोत टाकाल ते काम होणार. भानगड अशी झाली, की ऊन पडद्यावर आलं की टीव्ही आपला आपणच चॅनल बदलायचा. म्हणून पुढच्या वर्षी रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी आवाजाचा रिमोट केला. आत अ‍ॅल्युमिनियमच्या चार कांड्या, बटण दाबलं की छोटी हातोडी कांडीवर आपटायची, आणि माणसाला ऐकू न येणारा उंच सूर टीव्ही ओळखायचा. चार कांड्या, चार सूर, चार कामं. हे ऐकण्यासाठी टीव्हीत सहा जादा व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या) घालावे लागले आणि किंमत तीसेक टक्क्यांनी वाढली, तरी पुढची साधारण पंचवीस वर्षं आवाजाचेच रिमोट चालले. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी चॅनल बदलायचा, ते वेगळं.

पण मला हे सांगायचंय: त्या रिमोटमध्ये सेलच नव्हता. का? कारण कंपनीच्या विक्रीवाल्यांनी हट्ट धरला होता, की सेल संपला तर गिऱ्हाइकाला वाटेल टीव्हीच बिघडला. आई, १९५६ साली शिकागोतल्या लोकांना आपल्या मिरजेच्या घरात आज काय होणार हे ठाऊक होतं! गिऱ्हाइकाने शिकावं असं ते म्हणाले नाहीत, त्यांनी रिमोट बदलला. आणि आता बघ. आपल्या जुन्या रिमोटवर पाचच्या आकड्यावर एक बारीक उंचवटा होता. मोतीबिंदूच्या वर्षीसुद्धा तू पडद्याकडे न बघता, भाजी निवडता निवडता बोटाने तुझा चॅनल लावायचीस. नव्या रिमोटवर आकडेच नाहीत. बटणं कमी केली म्हणे, सोपं व्हावं म्हणून. पण काम कमी झालं नाही, ते सगळं पडद्यावर ढकललं आणि तिथली अक्षरं तुला वाचता येत नाहीत. शिवाय खालच्या ओळीत जी सिनेमा कंपन्यांची रंगीत बटणं आहेत, ती तुझ्या सोयीची नाहीत. त्या जागेसाठी कंपन्या पैसे मोजतात. म्हणून ती ठसठशीत, आणि आवाजाचं बटण चिमूटभर. तेव्हा तुला येत नाही हे वाक्य पुन्हा नको.

उपाय मला काल रात्री सापडला. केबलच्या डब्याचा जो लांब रिमोट आहे त्याच्या वरच्या भागात चौकट आखून पाच बटणं दिली आहेत आणि 'टीव्ही' लिहिलंय. ती आजवर आपण कधी वापरली नाहीत, कारण ती जन्मतः कोरी असतात. त्यांना शिकवावं लागतं. माझ्याकडे तसाच रिमोट आहे, मी करून पाहिलं. दोन्ही रिमोट टेबलावर तोंडाला तोंड लावून ठेवा, मध्ये दोन बोटांचं अंतर. डब्याच्या रिमोटचं 'सेट' लाल दिवा स्थिर होईपर्यंत दाबून धरा. चौकटीतलं पॉवर एकदा दाबा, दिवा लुकलुकेल. आता टीव्हीच्या रिमोटचं पॉवर दाबा. दिवा पुन्हा स्थिर झाला की धडा पाठ झाला. आवाज वाढवणं आणि कमी करणं तसंच शिकवा, शेवटी 'सेट' दाबून सोडा. सोर्सचं बटण शिकवू नका! उजेडाची भाषाच तो शिकू शकतो, ब्लूटूथची नाही. पण आपल्याला हवी ती बटणं नेमकी उजेडावरची आहेत. हे झालं की टीव्हीचा रिमोट कपाटात. आईला तिचे आकडे परत मिळतील, पाचावरच्या उंचवट्यासकट. आवाज वाढवायच्या बटणावर एक टिकली चिकटव आई, फुगीर खड्याची.

एका तारेने दोन्ही यंत्रांना एकमेकांशी बोलतं करायची सोयही असते, सीईसी म्हणतात. प्रत्येक कंपनी तिला स्वतःचं वेगळं नाव देते, म्हणून ती सापडत नाही. आपल्या डब्याला ती येतच नाही, चौकशी केली. सोडून द्या.

माइकच्या बटणाबद्दल. कपाटातला रिमोट अभंगांसाठी मात्र बाहेर काढावा लागेल. आई, तू बटण दाबतेस, सोडतेस, मग बोलतेस. बोलून होईपर्यंत दाबून धरायचं, आणि "अहो, जरा अभंग लावता का" असं नको, नुसतं "अभंग" पुरे. तुला यंत्राशी बोलायला लाज वाटते हे मला दिवाळीतच कळलं होतं. बाबा बाहेर गेल्यावर करून बघ. बटण दाबून बोललेलं इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जातं, तेव्हा नणंदांच्या गप्पा त्या वेळी नकोत.

मला वाटलं होतं, फोनवरूनही टीव्ही चालवता येतो तर मी इथूनच तुमचा सोर्स बदलून देईन. तसं होत नाही. फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर लागतात. गणपतीला पाच दिवस येतेय तेव्हा बाबांच्या फोनमध्ये ते घालून देईन.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, काढलेले जुने सेल डब्यात साठवू नका, ते पाझरतात. आणि नव्या रिमोटवरचा प्लास्टिकचा कागद आता तरी काढा, मणी त्याच्याखाली झाकला गेलाय.