क्षमतेचा आकडा छापता, ओलाव्याचाही छापा

महोदय,

टाकाऊ बायोमासपासून वायू आणि त्यावर वीज, अशी बातमी आली की मी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. प्रकल्प किती किलोवॉटचा, उद्घाटन कोणाच्या हस्ते, सगळे असते. माल किती ओला येणार आणि आत हवा किती सोडणार, एवढेच नसते. नोकरीची बरीच वर्षे गॅसिफायरच्या, म्हणजे बायोमासपासून वायू बनवणाऱ्या भट्टीच्या, हवा फुंकणाऱ्या ब्लोअरशेजारी गेल्याने मी आधी तेच शोधतो.

हा सगळा खेळ अर्धवट जळण्याचा आहे. माल पुरता जाळायला जेवढी हवा लागते, तिच्या 25 ते 30 टक्केच द्यायची. जास्त दिली तर तापमान चढते, टार, म्हणजे वायूतला डांबरासारखा चिकट भाग, कमी होते आणि शिफ्टवरचा माणूस खूश होतो. पण ज्यांच्यावर वीज काढायची ते कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन आतल्या आतच जळतात. कमी दिली तर भट्टी थंडावते, टार वाढते, न जळलेला कोळसा राखेबरोबर खाली येतो. हवेवर चालणाऱ्या गॅसिफायरच्या वायूत मुळात निम्म्याच्या आसपास नायट्रोजन असतो आणि उष्मांक घनमीटरला 4 ते 6 मेगाज्यूल. त्यात आणखी काय घालवायचे? हवेऐवजी वाफ सोडली तर उष्मांक दुपटीच्या पुढे जातो, पण ती क्रिया उष्णता खाते आणि ती उष्णता कुठून तरी आणावी लागते.

खरी गोची ओलाव्याची. डाऊनड्राफ्ट, म्हणजे वायू खालून बाहेर काढणाऱ्या, गॅसिफायरला 20 टक्क्यांच्या आतल्या ओलाव्याचा माल हवा. एक किलो पाण्याची वाफ करायला सव्वादोन मेगाज्यूलहून जास्त उष्णता जाते, आणि ती जाते ज्या थरात टार तुटून त्याचा वायू व्हायचा त्याच थरातून. चाचणीला वाळवलेले एकसारखे लाकडाचे तुकडे घालायचे आणि पुढे रोज उघड्यावर भिजलेला, लहानमोठा, मातीमिश्रित माल ओतायचा, हा प्रकार मी पाहिला आहे. हॉपरमध्ये, म्हणजे माल ओतायच्या वरच्या नरसाळ्यात, माल अडकला की खाली पोकळी होते, हवा वाट काढते आणि वायूचा दर्जा मिनिटामिनिटाला बदलतो.

अपड्राफ्ट, म्हणजे वायू वरून बाहेर काढणारा, गॅसिफायर ओला माल चालवून घेतो, हे खरे. पण त्याच्या वायूत घनमीटरला 50 ग्रॅम किंवा त्याहून जास्त टार असू शकते. तो थेट बर्नरवर जाळायला ठीक. इंजिनाला 100 मिलिग्रॅमच्या आत लागते. तो वायू इंजिनात सोडला तर झडपा चिकटल्याच म्हणून समजा.

तापमान वाढवा, असे सुचवणारे नेहमी भेटतात. लाकडाला ते बऱ्याच अंशी चालते. पेंढ्याच्या राखेत पोटॅशियम आणि सिलिका असते. ती 700 ते 900 अंशांच्या दरम्यानच मऊ पडू लागते, क्लिंकर, म्हणजे राखेचा घट्ट गठ्ठा, धरतो आणि राख पडायची तळाची जाळी बंद. मग सळई घेऊन उभे राहा! म्हणून लाकडावर घेतलेल्या चाचणीचे आकडे पेंढ्याच्या प्रकल्पाला चिकटवणे मला लबाडीचेच वाटते.

आपल्या वार्ताहरांनी पुढच्या वेळी एवढे विचारावे: चाचणी कोणत्या मालावर, किती ओलाव्याला, सलग किती तास? शिवाय वायू धुतलेले पाणी कुठे सोडतात? त्यात फिनॉल हे विषारी रसायन असते, आणि ते गटारात सोडून चालत नाही.

आपला,
एक निवृत्त शिफ्ट इंजिनिअर