भूल देणारे डॉक्टर आधी भेटू देत

मा. संपादक साहेब,

मी जुळे सोलापूरला राहते, ऑपरेशन थिएटरमधे सिस्टर होते, आता रिटायर झालेय. सिझर ठरलं की घरचे खर्च विचारतात, रक्त लागेल का विचारतात, पण भूल कोण देणार हे कुणी विचारत नाही आणि भूलवाले डॉक्टर पण बाईला पहिल्यांदा बघतात ते डायरेक्ट टेबलावर.

बहुतेक सिझर कमरेत इंजेक्शन देऊन होतात, तेच चांगलं. पण नाळ बाळाच्या आधी खाली आली किंवा प्लेटलेट फारच कमी असल्या तर पूर्ण भूल द्यावी लागते, श्वासनळीत ट्यूब टाकावी लागते. गरोदरपणात घशाला आतून सूज असते, बीपी वाढलेलं असेल तर अजून जास्त. फुफ्फुसातला हवेचा राखीव साठा सुमारे २० टक्के कमी झालेला आणि ऑक्सिजन तर जास्त लागतो, म्हणून श्वास थांबला की सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, बघता बघता खाली येतं. त्यात पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जायची भीती.

एका तालुक्याच्या गावची रात्र मी विसरलेली नाही. नाळ खाली आलेली, कमरेत सुई द्यायला वेळच नव्हता, भूल दिली आणि मग कळलं की तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. लहानपणापासून सुपारी खायची पोरगी, गाल आतून कडक झालेले. ट्यूब दोनदा गेली नाही, डॉक्टरांनी हट्ट केला नाही, लगेच एलएमए, म्हणजे श्वासनळीत न जाता घशातच बसणारा मास्क, बसवला, सॅच्युरेशन वर आलं, बाळ निघालं. दोघं वाचले, पण ती दोन मिनिटं कशी गेली ते मलाच माहीत. हे आधी कळलं असतं तर सगळी तयारी ठेवून, नाहीतर सरळ सिव्हिललाच पाठवता आलं असतं की ओ.

२०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची फुकट तपासणी होते. माझं म्हणणं एवढंच, त्या दिवशी तोंड किती उघडतं, मान मागं जाते का, गळ्याला गाठ आहे का, आधीच्या भुलेला काय त्रास झालता का हे पण बघा आणि कार्डावर लाल पेनानं लिहा. पाच मिनिटं लागत नाहीत, भूलतज्ज्ञ नसतील तर सिस्टरला शिकवा, आम्हाला जमतं. आणि करमाळा, मंगळवेढा, अक्कलकोट अशा लांबच्या ठिकाणी जिथं सिझर होतात तिथं कॅमेऱ्यावाला लॅरिंगोस्कोप (घसा बघून ट्यूब टाकायचं यंत्र), बारीक ट्यूब आणि एलएमए कपाटात कुलपात नको, टेबलाजवळ पाहिजे.

घरच्यांनी पण एक करा. कळा सुरू झाल्यावर तिला काय खायला दिलं ते खरं सांगा, डॉक्टर ओरडतील म्हणून लपवू नका, अर्धी भाकरी असली तरी सांगा.

– एक निवृत्त सिस्टर, सोलापूर